घरी आला, पण हिशेब चुकतो
(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसाचा भाव झाला, पीक विमा झाला, सोयाबीन खरेदीचा घोळ झाला. आता जो विषय आम्ही मांडतो आहोत तो ऐकून कोणी म्हणेल, हा तर दवाखान्याचा विषय. शेतकऱ्यांच्या बैठकीत याचे काय काम? काम आहे. कोरडवाहू शेती हातापायांपेक्षा डोक्याने जास्त होते. बैल थकला तर दुसरा घेता येतो, ट्रॅक्टर भाड्याने मिळतो. पण कोणत्या वावरात ओल किती दिवस टिकते, तिफन कधी जुंपायची, किती काकरांनंतर तुरीची ओळ टाकायची, कोणत्या दुकानात किती उधारी आहे, हे सगळे ज्या एका डोक्यात साठवलेले असते ते डोके भाड्याने मिळत नाही. कोरोनात दवाखान्यात भरती होऊन, जीव वाचवून जी माणसे घरी आली, त्यांच्यापैकी काहींच्या या डोक्यालाच मार बसला आहे. तो मार दिसत नाही, आणि तो कोणी तपासलाही नाही. आम्ही बोलतो आहोत ते याबद्दल.

मार्च २०२० च्या अखेरीस आपल्या जिल्ह्यात पहिला बळी गेला. फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसरी लाट उठली, तीही राज्यात आधी आपल्याच वऱ्हाडात. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा. ते दिवस तुम्हाला सांगायला नकोत. बुलढाण्याला खाट नाही, खामगावला नाही, म्हणून कोणी अकोला गाठले, देऊळगाव राजा-सिंदखेड राजाकडचे जालन्याला, संभाजीनगरला गेले, मलकापूरकडचे जळगावला. राज्यात १ लाख ४८ हजारांवर माणसे गेल्याची सरकारी नोंद आहे. ती पुरी आहे की अपुरी हा वाद वेगळा, पण निदान गेलेल्यांची नोंद तरी आहे. जे परत आले ते सगळे ‘बरे झाले’ या एका रकान्यात गेले आणि तो रकाना बंद झाला.

बरा झाला हे ठरवले कशावरून? मे २०२० मध्ये केंद्र सरकारने दवाखान्यातून सोडण्याचे नियम काढले. ताप उतरला, ऑक्सिजन लावल्याशिवाय श्वास नीट चालतो, आजार गंभीर असेल तर घशातला स्वॅब निगेटिव्ह आला, की डिस्चार्ज. नियमात खोट काढण्यासारखे काही नाही. बाहेर पेशंट रिक्षात पडून होता, खाट मोकळी होणे गरजेचे होते. पण तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, वर्षाने कोणी येऊन विचारले का, की दादा, हिशेब पहिल्यासारखा जमतो का? २०२१ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने कोरोनानंतरच्या तक्रारींसाठी एक सविस्तर मार्गदर्शिका काढली. हृदय, फुप्फुस, मूत्रपिंड, पोट यांच्याबरोबर मेंदू आणि मज्जासंस्थेचाही भाग तिच्यात आहे. ज्यांच्या गावात कोणी त्या मार्गदर्शिकेचा एक कागद तरी दाखवला असेल त्यांनी हात वर करा. (कोणीही हात वर केला नाही.)

आता घाटावरच्या एका कास्तकाराची गोष्ट सांगतो. गाव आणि नाव सांगणार नाही, का ते पुढे कळेल. वय पंचेचाळीसच्या आसपास, दहा एकर कोरडवाहू. एप्रिल २०२१ मध्ये पंधरा दिवस दवाखान्यात, त्यातले सहा दिवस आयसीयूत. तिथे तो बरळत होता. मेलेला बाप खाटेजवळ बसला आहे, त्याला चहा द्या, म्हणायचा. घरी आला, सहा महिन्यांत अंगावर मांसही चढले. पुढच्या खरिपात त्याने सोयाबीनसाठी आणलेले तणनाशक कपाशीवर मारले. ज्यांच्या घरी दोन्ही पिके आहेत त्यांना कळेल की ही चूक कोण करतो: नवीन गडी करतो, वीस वर्षांचा कास्तकार करत नाही. पऱ्हाटी जळाली. मग कळले की एका दुकानाची उधारी त्याने दोनदा भरली आहे. गावाने निदान केले, दारू लागली. सोयरे म्हणाले, कर्जाचे टेन्शन आहे. त्याची बायको मात्र म्हणाली, “हे गेले ते वापस आले, पण अर्धे तिथंच राह्यले.” सगळ्यांत बरोबर निदान तिचे होते, पण तिला कोणी विचारलेच नव्हते.

आयसीयूत बरळणे आपल्याकडे ‘तापात होतंच’ म्हणून सोडून देतात. ते सोडून देण्यासारखे नाही. कोरोना जगात यायच्याही आधी, २०१३ मध्ये, अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एक मोठा अभ्यास छापला. टेनेसी राज्यातल्या नॅशविल शहरातले आयसीयू, ८२१ पेशंट. अभ्यास करणाऱ्यांत डॉ. प्रतीक पंढरीपांडे पहिले. शंभरातले ७४ जण दवाखान्यात कधी ना कधी असे भ्रमात गेले. घरी गेल्यावर तीन महिन्यांनी तपासले तेव्हा शंभरातल्या ४० जणांची बुद्धीची कामगिरी डोक्याला मध्यम मार लागलेल्या माणसाइतकी खाली होती, आणि २६ जणांची सौम्य स्मृतिभ्रंशाच्या रोग्याइतकी. वर्षाने पाहिले तर ३४ आणि २४. जो जास्त दिवस भ्रमात राहिला त्याची पुढची घसरण जास्त. आणि आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, हे फक्त म्हाताऱ्यांत दिसले नाही, तरुणांतही दिसले.

कोरोनानंतर इंग्लंडात अभ्यास झाले. केंब्रिजच्या दवाखान्यात गंभीर आजारी झालेल्या ४६ जणांना सहा महिन्यांनी आणि पुढे तपासले. २०२२ मध्ये त्यांनी लिहिले की, पन्नाशीपासून सत्तरीपर्यंत जाताना डोके जितके मंदावते तितके या लोकांचे एका आजारात मंदावले. सप्टेंबर २०२४ मध्ये लिव्हरपूलच्या डॉक्टरांनी दवाखान्यात भरती झालेल्या ३५१ जणांचे वर्ष-दीड वर्षानंतरचे निकाल छापले. तेही वीस वर्षांच्या वयाइतक्याच फरकावर आले. इंग्लंडच्या आकड्याने मेहकरच्या माणसाचे निदान होत नाही हे खरे. पण त्यांना ऑक्सिजन वेळेवर मिळाला होता, एवढे लक्षात ठेवा.

हे होते कसे? विषाणूने मेंदू कुरतडला असा याचा सरळ अर्थ काढू नका. शरीरात आग पेटावी तशी सूज उसळते, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, झोपवून ठेवणारी औषधे चालू असतात, रात्र-दिवस कळत नाही. या सगळ्याचा मेंदूवर मिळून परिणाम होतो. म्हणून ही गोष्ट एका कोरोनापुरती नाही. स्वाइन फ्लूने आयसीयूत गेलेला, डेंग्यूत रक्तदाब कोसळून गेलेला, मेंदूज्वरातून वाचलेला, या सगळ्यांना हाच प्रश्न विचारला पाहिजे. लाट गेली म्हणून विषय संपला असे नाही.

आता तपासणी म्हणजे काय ते नीट समजून घ्या. यात सुई नाही, मशीन नाही. आपण जूनच्या आधी घरच्या सोयाबीनची उगवण तपासतो. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे आणि आठवड्याने किती उगवले ते मोजायचे. पंचावन्न उगवले तर बी कशाने खराब झाले हे गोणपाट सांगत नाही. मळणीत मार बसला, की पोत्यात ओल शिरली, ते पुढे शोधायचे. पण पेरायच्या आधी थांबा, एवढे ते सांगते. बुद्धीच्या तपासणीचेही तसेच. दहा-पंधरा मिनिटांचे प्रश्न. कमी गुण आले म्हणजे माणूस वेडा नव्हे, आणि रोगाचे नावही त्यावरून ठरत नाही. पुढे तपासा, एवढाच त्याचा अर्थ.

अडचण आहे ती गोणपाटाची. जगात जास्त चालते ती कॅनडातल्या माँट्रियलची ३० गुणांची तपासणी. ती मराठीतही आहे. तीत घड्याळ काढायचे, घनाचे चित्र पाहून तसेच काढायचे, शंभरातून सात-सात वजा करत जायचे, सिंह, गेंडा आणि उंट ओळखायचे. २६ च्या खाली गुण आले की संशय. चौथी शिकून वखरामागे लागलेल्या माणसाच्या हातात तुम्ही पेन्सिल देता आणि घन काढ म्हणता! नुसत्या पावलांनी तो पाव एकर मोजून देईल, पण घन काढणार नाही. गेंड्याऐवजी रोही आणि रानडुक्कर दाखवा, शंभर फुटांवरून नर की मादी तेही सांगेल. कमी शिकलेल्यांना त्या तपासणीत एक गुण वाढवून देतात. एका गुणाने काय होते?

यावर आपल्याच देशात उपाय झालेला आहे. हरयाणातल्या बल्लभगड भागात खेड्यातल्या निरक्षर म्हाताऱ्यांसाठी डॉ. मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिंदीत एक तपासणी तयार केली आणि १९९५ मध्ये ती छापली. ‘डोळे मिटा’ हे कागदावर लिहून वाचायला देण्याऐवजी, माझ्याकडे पाहा आणि मी करतो तसे करा, असे सांगून समोरचा डोळे मिटतो. वजाबाकीऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणायचे. वाक्य लिहायच्या जागी आपल्या घराबद्दल एक गोष्ट तोंडी सांगायची. म्हणजे शाळा न तपासता डोके तपासले. पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने भारतीय भाषांसाठी बुद्धीच्या चाचण्यांचा एक संच बसवला. तो २०२० मध्ये छापून आला तेव्हा त्यात पाच भाषा होत्या: हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड, मल्याळम. मराठी नव्हती. मुंबई-पुण्याच्या विद्वानांनी याचे उत्तर द्यावे.

दुसरी अडचण वाणाची तुलना करताना येते तीच. नवीन वाण चांगला की वाईट हे शेजारी जुन्या वाणाची ओळ असल्याशिवाय कळत नाही. आजारी पडण्याआधी या माणसाचे डोके किती चालत होते याची नोंद कुठे आहे? कुठेच नाही. म्हणून तुलना त्याची त्याच्याशीच करायची, आणि ती फक्त घरचे माणूस करू शकते. घरच्यांना विचारायची प्रश्नावली जगभर वापरतात. आपण आपल्या भाषेत विचारू. बाजारातून आल्यावर दहा वस्तूंचा हिशेब भरती होण्याआधी जसा द्यायचा तसा देतो का? तीच गोष्ट एका दुपारी दोन-तीनदा विचारतो का? पंपात औषध मोजताना कोणी बोलले तर माप विसरतो का? मजुरांची हजेरी दुसऱ्याकडून लिहून घ्यायला लागला का? सौदा करताना पूर्वी अडून बसायचा, आता पहिल्या भावाला हो म्हणतो का? तोंडावर आलेला शब्द सापडत नाही म्हणून चिडतो का? यातल्या दोन-तीन गोष्टी भरती झाल्यानंतर सुरू झाल्या असतील तर दवाखान्यात दाखवा. प्रश्न एकट्या बाईला वेगळे बसवून विचारा, कारण नवऱ्यासमोर ती खरे सांगणार नाही.

आणि बाईच भरती झाली होती तर? तेव्हा तर कोणी काही पाहतच नाही. भाजीत मीठ दोनदा पडले तर ‘लक्ष कुठे असते’ म्हणून ओरडा बसतो. बचत गटाच्या वहीत तिच्या हातून बेरीज चुकली तर तिच्या इमानावर शंका येते. गटातल्या मैत्रिणींनी हे ओळखावे. ते काम पुरुषांच्या बैठकीत होणार नाही.

सरकारकडे यासाठी माणूस नाही असे नाही, माणूस दारात येतो. आशाताई तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा एक फॉर्म भरते, बीपी-शुगरसाठी. त्या फॉर्ममध्ये साठी ओलांडलेल्यांना एक प्रश्न आहे: जवळच्या माणसांची नावे किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? भावांनो, हा प्रश्न कधी उपयोगी पडतो? आग कौलाला लागल्यावर. जो पोराचे नाव विसरला त्याच्यासाठी फॉर्मची गरज नाही, ते गावाला दिसते. आणि जो पंचेचाळिसाव्या वर्षी आयसीयूतून आला, ज्याचे माप चुकते, हिशेब चुकतो, त्याला हा प्रश्न विचारतच नाहीत, कारण तो साठीचा नाही. दुसरे, २०१५ पासून आपल्या जिल्ह्यासह विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ काढला गेला. त्यातही आशांनी घरोघर जाऊन शेतकऱ्याचे मन खचले आहे का ते पाहायचे. मन खचणे आणि डोके मंदावणे या वेगळ्या गोष्टी आहेत, पण एकाच घरात दोन्ही सापडतात. हिशेब जमत नाही म्हणून माणूस खचतो, खचला म्हणून हिशेबाकडे पाहत नाही. म्हणून आमची मागणी नवीन योजनेची नाही. योजना पुष्कळ झाल्या. आहे त्या फॉर्ममध्ये दोन ओळी घाला: गेल्या काही वर्षांत गंभीर आजाराने भरती झाला होता का, आणि त्यानंतर रोजच्या हिशेबात-कामात फरक पडला असे घरचे म्हणतात का. वयाची अट नको. त्या दोन ओळींसाठी आशाताईला वेगळा मोबदला द्या, फुकट राबवू नका. आणि यापुढे आयसीयूतून सुटणाऱ्या प्रत्येकाच्या डिस्चार्ज कार्डावर तीन महिन्यांनंतरच्या तपासणीची तारीख लिहा. लहान पोराच्या लसीची तारीख लिहिता येते तर ही का नाही?

कोणी म्हणेल, तपासून उपयोग काय, यावर गोळी आहे का? गेलेले डोके परत आणणारी गोळी नाही, हे सरळ सांगतो. पण विसरण्याची काही कारणे अशी आहेत की ती सापडली तर दुरुस्त होतात. थायरॉइड, रक्तातली कमी, वाढलेली शुगर, आणि बी-१२. आपल्याकडे माळकरी घरे पुष्कळ आणि दूधदुभते आटलेले, बी-१२ ची कमी कोरोनाशिवायही सापडते. ती इंजेक्शनने भरून निघते. कान तपासा, कारण अर्धे ‘विसरणे’ हे मुळात ऐकू न येणे असते. झोप, दारू, मनाची उदासी हे डॉक्टरला लपवू नका. फवारणी करता हेही सांगा. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने माणसे मेली ते आपण विसरलो नाही, आणि ही विषे अंगात थोडी-थोडी गेली तरी डोक्यावर परिणाम करतात. सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करा. पुढे जिल्हा रुग्णालयाचा मानसिक आरोग्य विभाग, त्याच्याही पुढे अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. फोनवर बोलायचे तर टेलिमानस १४४१६, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. बरेच जण महिन्या-वर्षांनी हळूहळू सुधारतात. सुधारेपर्यंत घर आणि वावर सांभाळणे हे आपले काम.

वावरात काय करायचे ते शेतकी शिकलेली माणसे म्हणून आम्ही सांगू शकतो. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा, त्यावर लाल पट्टा मारा, तो पंप कपाशीच्या धुऱ्यावर न्यायचाच नाही. पंपाला किती औषध ते आठवणीवर ठेवू नका, एकाच मापाच्या झाकणाला खूण करा. औषध मिसळताना दुसरा माणूस जवळ असू द्या आणि त्याने मोठ्याने मोजावे. उधारीची वही एकच, आणि तीत दुकानदाराने समोर बसून लिहावे. बँकेचा, सोसायटीचा कागद आला तर त्याच दिवशी सही करायची नाही, घरी आणून एका वाचणाऱ्याला दाखवायचा. फोनवर आलेला आकडा कोणालाही सांगायचा नाही. खेडा खरेदीवाला काट्यासमोर घाई करतो. अशा घरचा कापूस मोजताना शेजाऱ्याने उभे राहावे.

आता नाव का सांगितले नाही ते. आपल्या समाजात ‘याचे डोके फिरले’ एवढे वाक्य सातबाऱ्यावर बोजा चढवायला पुरते. भाऊबंद टपलेले असतात. तपासणीत कमी गुण आले असा कागद हातात पडला की वाटणीच्या भांडणात तो पहिला बाहेर येईल. म्हणून दोन गोष्टी पाठ करा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चे कलम ३ म्हणते की, कोणाला मानसिक आजार आहे असे ठरले तरी तेवढ्यावरून तो माणूस विकल मनाचा ठरत नाही. ते फक्त सक्षम न्यायालय ठरवू शकते. तपासणीचा आकडा तर आजाराचे निदानही नाही. आणि त्याच कायद्याच्या कलम २३ प्रमाणे उपचाराची माहिती गुप्त ठेवली जाणे हा पेशंटचा हक्क आहे. जो तपासायला येईल त्याने आधी त्या माणसाला विचारावे. तो नाही म्हणाला तर नाही.

कामाचे एवढेच ठरवू. प्रत्येक गावातून एक भाऊ आणि एक बहीण. कोरोनात किंवा नंतर गंभीर आजाराने भरती होऊन परत आलेली घरे त्यांनी गाठायची. डिस्चार्ज कार्ड जपून ठेवायला सांगायचे. फाटले असेल तर दवाखान्यातून नक्कल काढायची. घरच्यांना वर सांगितलेले प्रश्न विचारायचे. ज्यांना तपासून घ्यायचे आहे त्यांचा फक्त आकडा, नावाशिवाय, पुढच्या बैठकीत आणायचा. तालुकावार बेरीज करून ती जिल्हा शल्यचिकित्सक आणि जिल्हा आरोग्य अधिकारी यांच्या टेबलावर ठेवू, आणि दर महिन्याला प्रत्येक तालुक्याला एक दिवस मागू. वेचणी सुरू होण्याआधी, कारण नंतर कोणाला वेळ मिळणार नाही.